पिंपळावरचा कावळा

भैरवदुर्गाच्या पूर्वेकडील बुरुजावर चौघडा झडला, तटाखालच्या नदीवरचे धुके विरू लागले, आणि ज्यांच्या विद्येपायी अवघे संस्थान दोन वर्षे दुभंगले होते, ते अंताजीपंत लोंढे घाटावरच्या पिंपळाखाली आपल्या दहा वर्षांच्या लेकाचा पिंड ठेवून हात जोडून उभे राहिले. माणूस आणि पशू एकाच मुळाचे, हे विलायतेचे नवे जीवशास्त्र पंत संस्थानच्या शाळेत शिकवीत. हाडे आणि गर्भांच्या बरण्या मांडून पटवून देत. त्या सकाळी मात्र ते निव्वळ बाप होते. त्यांचा चिंतू विषमज्वराने गेला, त्याला आज दहावा दिवस होता.

प्रहर उलटला. कावळे वर घिरट्या घालीत कर्कश ओरडत होते, पण पिंडाकडे एकही फिरकेना. जमलेले लोक कुजबुजू लागले.

तेवढ्यात कारभारी रंगराव नाडगीर बेलभंडाऱ्याचे तबक घेऊन पुढे झाले. "पंत, महाराजांचा सूर्यवंश तुम्ही वानरांच्या पंगतीला बसवलात, म्हणून लेकराचा जीव अडला आहे. बेलभंडारा उचला, 'माझी विद्या खोटी' असे म्हणा. कावळा या क्षणी शिवेल."

पंतांचा हात तबकाकडे गेला. खरेच गेला! लेकरापुढे कसली विद्या अन् कसले काय! पण बेलाला बोट लागणार, तोच त्यांनी कान टवकारले. बारा वर्षे पाखरांची टिपणे ठेवणाऱ्या पंतांना ती ओरड ओळखीची होती. आपल्यातला मेलेला दिसला की कावळे असा आकांत करतात. त्यांनी मान वर केली. दाट पानांत एक मेलेला कावळा उलटा टांगलेला होता.

पंतांना सारे उमगले. शपथ घेतली तर तो गुपचूप उतरवला जाणार होता, शाळाही वाचणार होती. बभ्रा केला तर कारभारी त्यांना संस्थानात राहू देणार नव्हते.

"कारभारी, मेलेल्या पोराला ओलीस धरलंत?"

एवढेच बोलून पन्नाशीचे पंत धोतर खोचून पिंपळावर चढले. कारभाऱ्यांबरोबरच्या शिपायांनी भाले रोखले खरे, पण त्या बापाला खाली ओढायला कुणाचा हात धजेना. तळहात सोलवटून घेत त्यांनी तो कावळा खाली आणला आणि सर्वांसमोर धरला. त्याच्या पायाला कारभाऱ्यांच्या पागेतली तांबडी-पांढरी दोरी होती. रंगरावांनी तोंड फिरवले.

पंतांनी कावळा पुरला आणि लोकांना दूर सारले. घटकाभरात एक कावळा उतरला व पिंडाला चोच लावून गेला.

दुसऱ्याच दिवशी हद्दपारीचा हुकूम सुटला. शाळेला कुलूप पडले, बरण्या खंदकात फोडल्या गेल्या. दरबारात त्या दोरीचे कुणी नावही काढले नाही.

वेशीपाशी बैलगाडीत बसताना वेणूबाईंनी नवऱ्याला हळूच विचारले, "अहो, आपला चिंतूच आला होता ना?"

कावळा भुकेने आला होता, हे पंतांना पक्के ठाऊक होते. भर घाटावर बेलभंडाऱ्यापुढे जी जीभ वळली नव्हती, ती आता वळली.

"हो," ते म्हणाले, "चिंतूच होता तो."

वेणूबाईंनी तोंडाला पदर लावला. गाडीवानाने बैल हाकले.