तिसऱ्या पिनेला अर्थ नाही

मामाचा अ‍ॅम्प मी ताईच्या लेकाच्या बाबागाडीत घालून दुरुस्तीला नेला. दुसरा इलाजच नव्हता. गिटारचा तो जुना, काचेच्या व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प माझ्याहून वयाने मोठा आणि आमच्या फ्रिजच्या सख्ख्या भावाइतका जड. भुरभुर पाऊस आला म्हणून वर दुपटं टाकलं. वाटेत दोन बायकांनी वाकून ‘किती शांत आहे गं’ असं कौतुकही केलं.

दुरुस्तीवाल्याने दुपटं उचललं. तरणा, कानामागे टेस्टर खोचलेला. आत बघून जराही न हसता म्हणाला, “कोणावर गेलंय?”

“मामावर,” मी म्हटलं. “सारखं गुरगुरतं.”

तेव्हा त्याने मान वर केली आणि... काय सांगू. पत्ता विचारला, तर मी शेजाऱ्यांचा सांगितला.

त्याने आवाजाचं बटण शून्यावर आणलं. गुरगुर चालूच. मग मागच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा. आतले पत्रे सैल होऊन थरथरतायत म्हणाला. स्क्रू आवळले, जुनी वायर काढून तीन पिनांचा प्लग बसवला. आतलं सगळं काम एका हाताने, दुसरा खिशात. मला वाटलं, ऐट. तसं विचारलंही.

“प्लग काढला तरी आत वीज दबा धरून बसते,” तो म्हणाला. “एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली, तर वाटेत हृदय लागतं.”

मी उगाच त्या वाटेकडे बघत राहिले.

दुकानात अ‍ॅम्प गप्प झाला. घरी आणला, तर पुन्हा बारीक गुणगुण. परत दुकान – परत गप्प. त्याने कपॅसिटर बदलले, मग व्हॉल्व्ह बदलले, आणि आमच्या गप्पा व्होल्टेजवरून मामीच्या स्वभावावर आल्या, जो जवळपास तोच विषय आहे. आईने विचारलं, हे यंत्र बिघडतंय की तू बिघडवतेयस? शंका रास्त होती. माझी पंचाईत मात्र वेगळीच. गुणगुण गेली की हाही जाणार, आणि दुरुस्तीला नेण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

शेवटी तो घरी आला. गिटार जोडून मला तिच्या तारांवर हात ठेवायला सांगितला, गुणगुण कमी झाली. काढायला सांगितला, पुन्हा सुरू. मग ‘हं’ म्हणून मेन स्विच बंद केला आणि टेबलाखाली शिरून भिंतीतला सॉकेट उघडू लागला. मला फक्त त्याचे मोजे दिसत होते. मोज्यांशी बोलणं सोपं असतं.

“आपलं हे... येणं-जाणं, असंच चालू राहिलं तर?”

टेबलाखालून शांतपणे उत्तर आलं, “यात अर्थ नाही.”

माझं तोंड एवढंसं झालं. “कळलं,” मी म्हटलं.

“अजिबातच नाही हो. किती वर्षं असंच चालवताय?”

“वर्षं कुठे... महिनाच झाला.”

“आधीच जोडायला हवं होतं.”

“मी प्रयत्न करतच होते की –”

“तुम्ही नका करू. जिवावर बेतेल.”

तो बाहेर आला तेव्हा केसांत कोळिष्टकं होती आणि मोबाइलवर सॉकेटचा फोटो. “ही हिरवी अर्थची वायर. कशालाच न जोडता भिंतीत कोंबलीय. तिसरं भोक नुसतं शोभेला.” मग त्याने माझा चेहरा पाहिला, आणि मी काय विचारलं होतं ते त्याच्यापर्यंत पोचलं. आधी कानांपर्यंत, ते लाल झाले.

तो परत खाली गेला. वायर जोडली, मेन चालू केला. व्हॉल्व्ह मंद केशरी उजळले. मी गिटारच्या तारांवर हात ठेवला, काढला... काही नाही. पंख्याची फरफर तेवढी. झालं, संपलं.

“तुम्ही दारात दिसलात की मला आनंद व्हायचा,” तो स्क्रूड्रायव्हर पुसत म्हणाला. “वाटायचं, बरं झालं, अजून बिघडलेलाच आहे. दुरुस्तीवाल्याला असं वाटणं बरं नव्हे. आता नीट झालाय. आता... तू बोलावलंस तरच येईन.”

तू. स्क्रूड्रायव्हर केव्हाच स्वच्छ झाला होता, तो पुसतच होता.

“उद्या ये,” मी म्हटलं. “काहीही बिघडलेलं नाही, म्हणून ये.”