डाव्या हाताची चुणी

संध्याकाळी दुकान बंद का ठेवता, असं तुम्ही मघाशी विचारलंत आणि मी नेहमीसारखं डोळ्यांचं कारण पुढे केलं. डोळ्यांना काही झालेलं नाही. काळ्या कापडावर काळा दोरा अजून घालतो मी. पण तुमच्या कोटाची बाही बसायला वेळ लागणार, बाहेर सकाळचा गारठा पडलाय, आणि थापा मारायचा मला आता कंटाळा आलाय. बसा. दिवा थोडा जवळ ओढून घ्या. इस्त्री तापलेली आहे, कोपर सांभाळा.

मी औषधांच्या दुकानात सलाइन आणायला गेलो होतो. गोष्ट सुरू होते ती एवढ्यावरच. दुकानदार ओळखीचा झाला होता. दर खेपेला विचारायचा, "काका, पेशंट कसा आहे?" मी सांगायचो, "मिशा फुगवून बसलाय." त्याला बरेच दिवस वाटत होतं, माझे वडील अंथरुणाला खिळलेत. शेवटी एकदा मी खरं सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्याने बाटलीबरोबर बारीक सुयांचं पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "ह्या घ्या, कमी दुखतात." बरा माणूस.

पेशंट म्हणजे आमची मांजर. चिंधी. कापडाच्या कतरणीच्या टोपलीत झोपलेली सापडली, म्हणून चिंधी. माझ्या बायकोने तिला उचललं आणि मग ती घरची मालकीणच झाली. गिऱ्हाइकाच्या लोकरी पॅन्टवर बसून तोंड धुवायची, आणि मी ओरडलो की बायको मलाच ओरडायची. म्हातारपणी चिंधी एकाएकी पाणी ढोसायला लागली. भांडं रिकामं करायची, बादलीत तोंड घालायची, तरी वाळत चाललेली. तोंडाला लोखंड गंजल्यासारखा वास. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, किडन्या गेल्यात. बऱ्या होणार नाहीत. पण घरी रोज कातडीखाली सलाइन दिलं, तर जितके दिवस आहेत तितके सुखाचे जातील.

ते कसं द्यायचं ते त्यांनी शिकवलं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची. मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि तिच्या तळाशी सुई सारायची. पाणी आत शिरतं, पाठीवर मऊ फुगवटा येतो, मग तो हळूहळू खांद्यावरून पायाकडे उतरतो आणि जिरून जातो. बाई सांगत होत्या आणि आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत होतो. कारण हे आम्हाला नवं नव्हतंच. फिटिंगच्या वेळी आम्ही जन्मभर हेच केलं होतं. ब्लाउज सैल असला की बायको चिमटीत कापडाची चुणी धरायची, मनासारखी बसली की म्हणायची, "घे." मग मी टाचणी लावायची. ती 'घे' म्हणेपर्यंत मी हात लावायचा नाही, हा आमचा कायदा.

ती फक्त धरायची. टेलरची बायको असून सुईला भ्यायची. सुई दिसली की तोंड फिरवायची. जन्मात कधी बटण लावलं नाही बाईने, आणि त्यावरून मी तिला छळायचो. पण धरणं असं, की काय सांगू! ती डावखुरी होती. उजव्या हाताने धरलेली चुणी एका अंगाला कलते, डाव्या हाताची दुसऱ्या अंगाला. नुसतं कापड बघून सांगावं, ही तिने धरलीय. चिंधीलाही ती तशीच धरायची. बाटली आम्ही तयार कपडे टांगायच्या आकड्याला लावायचो, चिंधी टॉवेलवर बसायची, बायको चुणी उचलायची, तोंड फिरवायची. "घे." मी सुई सारायचो. चिंधीला कळायचंसुद्धा नाही.

मग बायको गेली. थंडी होती, रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. कुणी म्हणालं, सुखाचं मरण. असेल तिच्यासाठी.

मागे राहिलो मी आणि चिंधी. आणि चिंधीला माझं धरणं पसंत नव्हतं. टॉवेलात गुंडाळून पाहिलं, मांड्यांत दाबून पाहिलं. ती अंग आकसायची, गुरकवायची, सुई निसटून पाणी जमिनीवर सांडायचं. माझ्या मनगटावर ओरखडेच ओरखडे. धाकटी बहीण रविवारी डबा घेऊन येते, तिला मदतीला घेतलं तर ती पहिल्याच फिस्काऱ्याला स्टुलावर चढली. "दादा, मला तुझी मशीन चालवायला सांग, पण हे नको!"

चिंधीने खाणं सोडलं. कतरणीच्या टोपलीत पडून राहायची. मला वाटलं, हीसुद्धा चालली. मांजर जातेय एवढंच नव्हतं हो ते. बायकोच्या हाताची सवय असलेला दुसरा जीव या घरात उरला नव्हता. ती गेली की बायको कशी होती हे मी एकट्याने लक्षात ठेवायचं. ते मला झेपणार नव्हतं.

तर त्या दिवशी सलाइन घेऊन घरी आलो. दिवेलागणीची वेळ. दिवा लावला नव्हता, मशीनच्या चाकावर खिडकीतला शेवटचा उजेड होता. बाटली कोमट करून आकड्याला लावली, चिंधीला टॉवेलवर ठेवलं. सुईचं टोपण काढलं आणि नेहमीसारखा हताश होऊन बसलो.

चिंधी हलली नाही. तिचे कान सैल पडले. मग ती घुरघुरायला लागली... किती महिन्यांनी! मी खाली बघितलं. तिच्या मानेमागची कातडी वर उचललेली होती. माझा एक हात सुईवर, दुसरा नळीवर. चुणी उभी होती, ताठ, तळाशी सुईपुरती जागा ठेवून. आणि ती दुसऱ्या अंगाला कलली होती.

खोलीत इस्त्रीच्या वाफेचा वास आला, बायकोच्या पदराला असायचा तसा. इस्त्री सकाळपासून गार होती.

मी घाबरलो का? घाबरलो. पण चुणी इतकी नीट धरलेली होती की हाताने आपलं काम केलं. सुई गेली. थेंब पडायला लागले. बाटली हवी तेवढी उतरली, सुई काढली, तेव्हा चुणी सावकाश खाली बसली. मी अंधारात म्हणालो, "अगं..." चिंधी उठली आणि भांड्याकडे गेली.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, आडून आडून. त्या म्हणाल्या, "अंगात पाणी कमी झालं की असं होतं काका. कातडी उचलली की लगेच बसत नाही, तशीच उभी राहते."

"उचलल्यावर ना?"

"हो, उचलल्यावर."

"मग उचलतं कोण?"

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. जेवण वेळेवर करत जा म्हणाल्या.

त्यानंतर रोज. दिवेलागणीला मी शटर ओढायचो, हातपाय धुवायचो, अगदी शर्टसुद्धा बदलायचो. बहीण म्हणाली, "दादा, कुणाला भेटायला जातोस की काय?" मी म्हटलं, "इथेच भेटते." ती हसली. मी खोटं बोललो नव्हतो. बायको दिसायची नाही, बोलायची नाही. नुसती ती चुणी. पण तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. दुपारपासून माझं लक्ष खिडकीतल्या उजेडाकडे. थेंब पडत असायचे तेव्हा मी तिला दिवसभराचं सांगायचो. कुणाचं पोट सुटलंय, कुणी माप चोरून सांगितलं. ती असताना इतकं कधी बोललो नाही.

पण चिंधी संपत आली होती. चालताना मागचे पाय लडबडायला लागले. तोंडात फोड आले. पाणी कातडीखाली तसंच राहायचं, जिरायचं नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "दिवसातून दोनदा दिलं तर?"

"हृदयाला झेपणार नाही काका." मग त्या हळूच म्हणाल्या, "तिला आता कशासाठी ठेवताय?"

कशासाठी ते मला पक्कं ठाऊक होतं. सांगणार कसं? त्या रात्री मी चिंधीला कुशीत घेऊन पडलो. तिच्या अंगाची नुसती हाडं लागत होती, आणि ती मान वळवून कोपऱ्यात बघत होती. सकाळी मी फोन केला. म्हटलं, या.

बाई दिवेलागणीला आल्या. आधी मानेत झोपेचं इंजेक्शन, मग शेवटचं. चिंधीला मी टॉवेलवर घेतलं. बाईंनी मानेमागे हात घातला. पुन्हा घातला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कातडी हातात येत नाहीये... इतकी सैल आहे, तरी..."

मी पाहिलं. चिंधीची मान सपाट झाली होती. वरून कुणीतरी तळवा दाबून धरावा तशी. केस चेपलेले होते. वाफेचा वास घशाशी येत होता.

मला समजलं. बायको चिंधीला देत नव्हती.

"अगं, हात काढ," मी म्हणालो. डॉक्टरीणबाई जागच्या जागी थबकल्या. मला त्यांची पर्वा नव्हती. "पुरे झालं तिला. तिला सोड. जाऊ दे... तू नको जाऊस. तू राहा. तुला धरायला मी आहे ना."

थोडा वेळ काही झालं नाही. मग चेपलेले केस एकेक करून उभे राहिले. बाईंच्या चिमटीत कातडी आली. चिंधी माझ्या हातावर हनुवटी टेकून गेली. तिचा जीव जाताना मला रडू आलं नाही, बाई गेल्यावर आलं, तेही टॉवेल धुताना.

दुसऱ्या दिवशी काम नव्हतं, पाणी कोमट करायचं नव्हतं. तरी दिवेलागणीला शटर ओढलं आणि त्याच जागी बसलो, हात मांडीवर ठेवून. मनाशी म्हणत होतो, वेड्या, आता ती कशाला येईल? आणि माझ्या मानेमागे, कॉलरच्या आत, कुणीतरी कातडी चिमटीत धरली. हळू. नीट. डाव्या हाताची, दुसऱ्या अंगाला कलती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. गारबीर काही नव्हती बोटं. तिचीच होती. मी उठेपर्यंत पूर्ण अंधार झाला होता.

म्हणून संध्याकाळी दुकान बंद असतं. आता कळलं?

इथेच थांबलो असतो. पण परवा बहीण आली होती. आल्या आल्या तिने पाण्याची घागर बघितली. "दादा, मागच्या रविवारी मी भरून गेले होते. तशीच आहे. तू पाणी पितोस कुठे?" मी आठवून पाहिलं. आठवेना. चिंधी गेल्यापासून मला तहान लागलेली नाही.

ती बडबडत माझी कॉलर सरळ करायला आली. टेलर असून कॉलर वाकडी, वगैरे. तिची बोटं माझ्या मानेखाली, खांद्यावर फिरली.

"इथे काय फुगलंय रे?"

"कुठे?"

"इथे. मऊ लागतंय. पाणी भरल्यासारखं..." तिने दाबलं. फुगवटा तिच्या बोटाखालून दंडाकडे सरकला, तो मलाही जाणवला. "कोमट आहे, दादा." मग तिने दिवा जवळ आणला आणि तिचा आवाज एकदम खाली गेला. "सुई टोचल्याच्या खुणा आहेत. किती आहेत ह्या... कोण टोचतंय तुला?"

तिला मी काहीबाही सांगून घरी पाठवलं. पण तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. धरते ती माझी बायकोच, याबद्दल मला शंका नाही. ती चुणी मी झोपेतही ओळखेन. पण सुईला तिने उभ्या जन्मात हात लावला नाही. मेल्यावर माणूस इतकं बदलतं का?

ती चुणी उचलते, तोंड फिरवते, हे मला मानेवरच्या श्वासावरून कळतं. कालपासून तर तिचा आवाजही ऐकू येतो. कानाशीच, अगदी हळू म्हणते, "घे."

माझे दोन्ही हात तेव्हा माझ्या मांडीवर असतात.