टाकीतला उंदीर

"आजोबा, ओठ तरी ओले करा!" चिमणीने ओलं फडकं आजोबांच्या तोंडावर पिळलं. सुट्टी लागल्यापासून त्यांच्या खोलीचा नळ कोरडा होता. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांनी ते थेंब चाटले. तिची आई शिवणाचं काम पोचवायला गेली होती.

दारात घरमालक येऊन उभे राहिले. "टाकीच रिकामी, मी काय करू? दुप्पट भाडं परवडत नसेल तर उद्या खोली सोडा. म्हाताऱ्याला उचलायला हमाल देतो, फुकट!" स्वतःच्या विनोदावर ते पोट धरून हसले. शेजाऱ्यांची दारं पटापट बंद झाली.

ते जाताच चिमणीचा मित्र ढब्बू धापा टाकत आला. "चिमणे, मागच्या भिंतीवरून पाणी वाहतंय! टाकी तुडुंब आहे!"

"म्हणजे फक्त आमचाच व्हॉल्व्ह बंद केलाय! पण टाकी गच्चीवर, आणि गच्चीला तर कुलूप आहे."

कोपऱ्यात वाचत बसलेला तिचा मामेभाऊ चष्मिस उठलाच. "कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. पाणी तोडणं तर गुन्हाच! भाडे नियंत्रण कार्यालयात तक्रार करायला चला!"

दुपारी त्या कार्यालयातल्या निरीक्षकबाई आल्या. मालक हात जोडून म्हणाले, "गच्चीची किल्ली हरवली हो. टाकीत थेंब नाही. मी स्वतः विकतचं पाणी पितो!"

"मग बरंच झालं," चष्मिस गंभीरपणे म्हणाला. "ढब्बूने शेजारच्या गच्चीवरून मेलेला उंदीर भिरकावला, तो टाकीतच पडला."

"चांगला फुगलेला होता," ढब्बू म्हणाला.

मालक पांढरेफटक पडले. "कार्ट्यांनो! सकाळपासून तेच पाणी पितोय मी!" खिशातून किल्ली काढून ते ओकाऱ्या देत जिना चढले. मागोमाग सगळे!

टाकी काठोकाठ भरलेली. उंदीर मात्र नाही.

"असता तर बरं झालं असतं!" चिमणी म्हणाली.

निरीक्षकबाईंनी मालकांच्याच हातांनी व्हॉल्व्ह उघडवला. "आता खटल्याला तयार राहा. आणि भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही. शाबास, मुलांनो!"

"शाबास!" शेजारीणकाकूही म्हणाल्या.

"मी पाणी मागायला तांब्या घेऊन आले तेव्हा दार का नाही उघडलंत, काकू?" चिमणीने विचारलं. काकूंनी मान फिरवली.

"मीही कोर्टात जाईन! बाहेर काढीन तुम्हाला!" सगळे खाली आल्यावर मालक खोलीच्या दारातून किंचाळले.

आजोबांनी चिमणीने नळावर भरून दिलेला पेला सावकाश रिता केला.

"जा की," ते म्हणाले. "तिथे आमचंही ऐकून घेतात. म्हणून तर आजवर गेला नाहीस."