भैय्याजींचं हळदीचं दूध

"जमादार साहेब, चला लवकर. माही भावसून बाबाले जहर देऊन राहिली."

हिरालाल किराणावाला मोहाडीच्या ठाण्यात शिरून हे बोलला, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. यादोराव गजभिये जमादार आपल्या खाकी शर्टाची गुंडी शिवत बसले होते. साल एकोणऐंशी, फेब्रुवारी महिना. बायको वारल्यापासून यादोराव सगळं स्वतःच करत. रांधणं, भांडी, कपडे धुणं, सगळं. बाजारातले लोक मागे हसत. हसू देत बापडे. त्या हसणाऱ्यांना सात जन्मांत जे दिसलं नसतं, ते त्या दिवशी या माणसाला दिसलं.

"कोणतं जहर?" यादोरावांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणते धातूचं. हिरड्यांवर निळी रेघ आली म्हणते."

"डॉक्टरनं कधी सांगितलं?"

"सकाळी. बाबाले दवाखान्यात नेलं, तवा आठ वाजले असन."

"अन् भावसून जहर देते, हे कोण सांगते?"

"मी सांगतो. म्हाताऱ्याचा खोकला जात नाही, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ दोन डाव हळदीचं दूध पेते. तिच्याच हातचं. दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणीही घेत नाही."

"तिले त्यात काय भेटन?"

"ते तुम्ही शोधा जी. शिकलेली बाई आहे, नोकरी करते. म्हाताऱ्याचं करणं जड जात असन."

यादोरावांनी दातानं दोरा तोडला. उत्तर हातात घेऊन ठाण्यात येणारा माणूस त्यांना कधी आवडला नाही. पण जहराची गोष्ट होती. शर्ट चढवला, टोपी घातली आणि निघाले.

म्हातारा म्हणजे भैय्याजी. त्यांना दोन मुलं. थोरला हा हिरालाल. चौकात याचं किराणा दुकान, घर दुकानाच्या मागेच, बापापासून वेगळं. धाकटा टिकाराम लाखांदूरच्या तहसीलमध्ये बाबू, शनिवारी एसटीनं घरी येणारा. त्याची बायको, म्हणजे हिरालालची भावसून, चंद्रकांता मोहाडीतच शाळेत मास्तरीण. तिला पाचवा महिना लागलेला. भैय्याजी राहायचे तिच्याजवळ. जमादारांनी हिरालालचं म्हणणं खरं धरलं असतं, तर तिचं बाळंतपण तुरुंगात झालं असतं. एवढी साधी आणि एवढी भयंकर गोष्ट होती.

दवाखान्यात भैय्याजी खाटेवर पोट धरून पडले होते. चेहरा पिठासारखा पांढरा. उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता. लोटा उचलायला गेले की बोटं नुसती हलायची, मनगट उठतच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस नांगर धरत होता.

"जहर एका दिवसाचं नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "थोडं थोडं करून पोटात गेलं आहे. दीड-दोन महिने तरी."

"डॉक्टर साहेब, एक विचारू? असे पोटदुखीवाले आणखी कोणी आले?"

डॉक्टर थबकले. "आले. या दोन महिन्यांत बरेच आले. मी अपचनाचं औषध देत राहिलो, ही माझी चूक झाली."

"कोण कोण आले?"

"दोन मास्तर. तहसीलचे बाबू, त्यांच्या बायका. पोस्टातले एक. मलेरियाच्या ऑफिसातले."

"शेतावरचे?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. "एकही नाही. नवल आहे."

यादोराव खाटेशी वाकले. "भैय्याजी, दूध कसं लागते तुम्हाले?"

"बेस लागते," म्हातारा कण्हत बोलला. "पण पेल्याच्या तळाले रेतीसारखं पिवळं बसते. ते मी बोटानं पुसून खातो. सुनेनं टाकलं, वाया कायले घालवा?"

हिरालाल दारात उभा होता. त्यानं खाली पाहिलं.

चंद्रकांता घरात चुलीजवळच्या पाटावर बसली होती. शाळेत निरोप पोचला होता, तशीच उठून आलेली. साडीवर खडूची भुकटी होती. डोळे सुजलेले.

"जमादार काका, तुम्ही मले नेता का?" तिनं आधी हेच विचारलं.

"बस. मले आधी सांग, तुह्या दिवसाची सुरुवात कशी होते?"

"पाचला उठतो. पाणी, सडा, मामाजींचं दूध, दोन भाज्या, डबा. साडेदहाची शाळा. आल्यावर पुन्हा तेच. हळद-तिखट कुटायले वेळ कुठून आणू? भासरे मसाल्याच्या पुड्या देतात, त्याच वापरतो."

भासरा म्हणजे हिरालाल, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्या दुकानातच भरल्या जाणाऱ्या 'सुहासिनी' मसाल्याच्या पुड्या वर्षभरात गावात भलत्याच चालल्या होत्या. चकचकीत कागद, त्यावर हसरी बाई. नोकरीवाल्या घरात फळीवर ती पुडी नसणं म्हणजे मागासलेपण. हळकुंड उकडा, वाळवा, कुटा, चाळा, एवढं आता कोण करते? कपाळावरचा घाम पुसत एखादी बाई घरी कुटत बसली, तर शेजारीणच तिला टोमणा मारायची. चंद्रकांतेला उलटा टोमणा बसायचा, की आयतं खाऊन आळशी झाली. दोन्हीकडून बायकाच बोलून घ्यायच्या.

"हळदीचा डबा दाखव."

तिनं स्टीलचा डबा काढून दिला. उजव्या हातानं काढला आणि डावा हात खाली लावला. झाकण उघडताना तिच्या बोटांतून ते निसटून फरशीवर वाजलं.

"हाताले काय झालं?"

"काही नाही. चार दिवसांपासून खडू पडून राहिला हातातून. पोटात कळा येतात. बाळाचं असन म्हणून कोणाले सांगितलं नाही."

"तूही हळदीचं दूध पेते?"

"मामाजी पाजतात. माहं बाळ तगडं व्हावं म्हणून आपल्या पेल्यातलं अर्धं मले देतात." तिनं डबा खाली ठेवला. "मी त्यांना जहर देईन का काका? माहे वडील लहानपणीच गेले. मले बाप म्हणून तेच आहेत."

यादोरावांनी डब्यातली हळद चिमटीत घेऊन वास घेतला. ताजी, तिखट वासाची, थोडी भरड. डबा काठोकाठ भरलेला होता.

"आज सकाळपासून घरात कोण आलं?"

"तुम्ही. अन् भासरे. मामाजींचं घोंगडं दवाखान्यात न्यायले आले होते, मी शाळेत जायच्या तयारीत होती. चहा ठेवायले उठली, तर म्हणाले, नको, तू शाळेचं पाहा, मीच घेतो पाणी. स्वयंपाकघरात गेले अन् घोंगडं घेऊन निघाले."

"घोंगडं स्वयंपाकघरात होतं?"

ती बघत राहिली. "नाही. माजघरात होतं."

एवढ्यात मागच्या अंगणातून बायजाबाई ओरडली. धुणीभांडी करणारी, तोंडाची फाटकी बाई. "बाई, हे धोतर मी आता धुणार नाही. दुधाचे डाग आहेत म्हाताऱ्याचे. पाच डाव साबण घासला, पिवळे ते पिवळेच. लालही होत नाही, जातही नाही."

"राहू दे, पाण्यात टाकू नको," यादोराव म्हणाले. ते धोतर घडी करून त्यांनी काखेत घेतलं. हळदीची एक पुडी बांधून खिशात टाकली. बायजाबाईला वाटलं, जमादाराचं डोकं फिरलं.

बाजाराचा दिवस होता. चौक भरलेला. मिरच्या, कांदे, धानाची पोती, गर्दी. आणि त्यात हिरालालचं दुकान बंद. बाप दवाखान्यात, मुलगा दुकान कसं उघडील, असं म्हणून लोक पुढे जात होते. यादोराव मागच्या दारानं घरात गेले. आतून धप धप आवाज येत होता. हिरालालची बायको शकुनबाई उखळात हळकुंडं कुटत होती. दोन्ही तळहात पिवळे धमक.

"वहिनी, तुमच्याच दुकानात पुड्या असून घरी काहून कुटता?"

शकुनबाई भोळी बाई. "ह्यांनी सांगितलं आहे जी, घरात पुडी आणायची नाही. दुकानातली दुकानात. आपण आपली कुटायची."

"आज भल्ली कुटली, ढीगभर."

"सकाळी होती तेवढी सगळी घेऊन गेले, डबाभर. कोणाले द्यायची म्हणे. म्हणून पुन्हा बसली."

यादोरावांनी मागच्या खोलीचं दार उघडून आत पाहिलं आणि शिपायाला बोलावणं धाडलं. बाहेर चौकात बायका पिशव्या भरून घराकडे जात होत्या. हिरालालकडून आधीच नेलेल्या पुड्या फुटकळ विक्रेत्यांनी बाजारात मांडल्या होत्या, आणि कितीतरी पिशव्यांतून तो हसऱ्या बाईचा कागद डोकावत होता.

दुपारी चारला दवाखान्याच्या ओसरीत सगळे जमले. भैय्याजी खाटेवर. पायथ्याशी चंद्रकांता. डॉक्टर, हिरालाल, शकुनबाई. यादोरावांनी एक पांढरा फडका, धुण्याचा साबण आणि पाण्याची बादली मागवली.

"हे काय नाटक आहे जी?" हिरालाल म्हणाला.

"नाटक नाही. धुणं आहे. मी रोज करतो."

त्यांनी खिशातली पुडी सोडली. "ही चंद्रकांतेच्या डब्यातली हळद. आज सकाळची." चिमूटभर हळद ओली करून फडक्याला फासली, वर साबण घासला. पिवळा डाग बघता बघता लाल झाला, कुंकवासारखा.

"हळदीचा डाग साबणानं लाल होते. वरण सांडलेला शर्ट धुतला, की माह्या शर्टावरही होते. घरातल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक आहे. दुकानात बसणाऱ्याले ठाऊक नसते, कारण त्याचे कपडे दुसरं कोणी धुते."

मग त्यांनी धोतर उलगडलं. छातीजवळ दुधाचे पिवळे डाग. सगळ्यांसमोर साबण घासला. डाग पिवळाच राहिला. पुन्हा घासला. पिवळाच.

"हे भैय्याजींच्या दुधाचे डाग, मागच्या दिवसांतले. म्हणजे इतके दिवस डब्यात होती ती हळद नव्हती. अन् आज डब्यात आहे ती खरी आहे. तर डबा कोणी बदलला?"

यादोरावांनी फडका आणि धोतर शेजारी शेजारी ठेवलं.

"चंद्रकांतेनं बदलला म्हणाल, तर तीही तेच दूध पेते. तिच्या हातातून तर झाकण पडून राहिलं. डॉक्टर साहेब, तिच्या हिरड्या पाहा."

डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून बॅटरीचा उजेड टाकला. बॅटरी खाली करत म्हणाले, "निळी रेघ आहे. बारीक आहे, पण आहे."

चंद्रकांतेनं पोटावर हात ठेवला आणि तो तसाच दाबून धरला.

"जहर घालणारा स्वतः जहर पेत नाही," म्हणत यादोराव हिरालालकडं वळले. "आता तुम्ही म्हणता, सकाळी आठला डॉक्टरनं धातूचं जहर सांगितलं. ठाणं पाच मिनिटांवर. तुम्ही आले अकराला. तीन तास काय करत होते हिरालालजी? एक, घरची कुटलेली हळद डबाभर घेतली. दोन, घोंगड्याच्या नावानं बापाच्या स्वयंपाकघरात जाऊन डबा बदलला. तीन, दुकानातल्या पुड्या मागच्या खोलीत लपवल्या. मी ताब्यात घेतल्या, सोबत रंगाचा डबाही. दारं-खिडक्यांना लावायचा पिवळा रंग, शिशाचा. दोन महिन्यांपासून पुडीत तांदळाचा कोंडा, नावापुरती हळद अन् हा रंग. म्हणून पेल्याच्या तळाले रेती बसायची. म्हणून शेतावरचा एक माणूस आजारी नाही, ते आपली हळद आपण कुटतात. ज्यांना कुटायले वेळ नाही, तेच पडले."

"पंचनाम्याले हे चालते का, डाग-बिग?" हिरालालनं विचारलं.

"पुड्या नागपूरला जातील तपासायले. ते चालते."

हिरालाल भिंतीला टेकला. "मले वाटलं, रंगानं काय होते. जराशीच तर टाकायची. कोणी मरते का रंगानं."

"हे तुम्हाले वाटलं असतं, तर शकुनवहिनींना घरात पुडी आणायची मनाई कशाले केली असती?"

शकुनबाईनं तोंडात पदर कोंबला.

"बापाले लागलं हे सकाळी कळलं तुम्हाले," यादोराव म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "तेव्हा डॉक्टरले सांगून टाकलं असतं, तर म्हाताऱ्याचा अन् या पोरीचा इलाज सकाळीच सुरू झाला असता. तुम्ही सरळ तिच्याकडं बोट दाखवलं. पोटुशी बाई, नवरा दूर, शिकलेली म्हणून आधीच सगळ्यांच्या डोळ्यात सलणारी. सोपी होती."

खाटेवर हालचाल झाली. भैय्याजी डाव्या कोपरावर रेटून उठले. त्यांनी थोरल्या मुलाकडं पाहिलं. शिवी देतील असं सगळ्यांना वाटलं. दिली नाही.

"तुह्या आईनं मरेपर्यंत कुटली हळद," एवढंच म्हणाले. "तुले त्याच हळदीचं दूध पाजलं होतं, खोकल्यात."

हिरालाल रडायला लागला. शिपायानं त्याला नेलं तेव्हाही रडतच होता.

पण भरलेल्या पिशव्या तोपर्यंत घरोघर पोचल्या होत्या. यादोरावांनी दवंडीवाल्याला चौकातून सोडलं, की 'सुहासिनी'ची पुडी कोणी चुलीजवळ नेऊ नये. किती घरांनी ऐकली, कुणास ठाऊक. संध्याकाळच्या स्वयंपाकाला बसायची वेळ झालीच होती.

डॉक्टरांनी सांगितलं, म्हातारा वाचेल. मनगट कदाचित पुन्हा उठेल, कदाचित नाही. बाळाचं मात्र ते काही बोलले नाहीत. चंद्रकांतेनंही विचारलं नाही. ती उठली आणि दवाखान्याच्या स्टोव्हवर दूध तापवून घेऊन आली. बोटांत जोर नव्हता, म्हणून पेला दोन्ही हातांनी धरला होता. खाटेशी येऊन ती थांबली. दोन महिने याच हातांनी ती त्यांना पाजत आली होती, आणि आता पुढं करायला तिला धीर होईना.

भैय्याजींनी डावा हात लांबवला. पेला घेतला नाही. तिची मनगटं धरली आणि पेला तिच्यासकट आपल्या तोंडाला लावला. पांढरं दूध होतं, नुसतं. अर्धं पिऊन त्यांनी तळाकडं पाहिलं.

"आता तू पे," ते म्हणाले. "बाळाचं अर्धं राहिलं आहे."