नेकनूरच्या शेतातली मोकळी जागा

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल तर केजला जाऊन महांतेशला विचारा. फक्त त्याच्या आईसमोर विचारू नका.

गेल्या वर्षीचा, म्हणजे दोन हजार दोनचा श्रावण. सोमवार, दिवेलागणीची वेळ.

महांतेश घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवायचा. पोरं गेली की गडी रेल्वेच्या गेममध्ये डोकं घालून बसायचा. खरी रेल्वे येईल तेव्हा येईल, यानं गेममध्ये आपल्या भागाचा हुबेहूब नकाशा करून नेकनूरवरून रूळ टाकलेसुद्धा!

रुळाकडेला जंगल हवं होतं. माउसनं वेडीवाकडी हद्द आखायची, आत झाडं आपोआप लागतात. ओढ्याच्या वळणावरचं स्वतःचं शेतही त्यानं हद्दीत घेतलं.

झाडं लागली.

एक जागा सोडून...

मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी. पुन्हा आखलं, पुन्हा तेच. वैतागून त्यानं तिथूनच रूळ नेला आणि गाडी सोडली.

गाडी तिथं येऊन थांबली.

स्पीकरची वायर काढलेली होती. तरी आवाज आला...

कुणीतरी खाकरलं.

महांतेशच्या अंगावर सर्रकन काटा आला. असं फक्त त्याचे वडील खाकरायचे. आणि वडील त्याच शेतात होते, लिंगायतांच्या रीतीनं बसवून पुरलेले. हद्द आखताना याला भानच राहिलं नव्हतं.

"चुकलो अप्पा," म्हणत त्यानं घाईघाईनं रूळ काढला.

आता झाडांत दोन जागा मोकळ्या होत्या...

शेजारी शेजारी.

दुसरी कुणाची, हे त्याला लगेच कळलं. आतल्या खोलीत आई, विमलबाई, ठणठणीत होती, भाकरी थापत होती. तो भ्याला. दुसऱ्या जागेत हातानं एकेक झाड लावत सुटला. लावलेलं झाड डोळ्यांदेखत नाहीसं व्हायचं.

"कोन खाकरलं रं?" आई पदराला हात पुसत दारात आली.

त्यानं पडद्यावर हात धरला. आईनं तो बाजूला केला. ओढ्याचं वळण तिनं ओळखलं. दोन्ही मोकळ्या जागांवरून बोट फिरवलं.

"त्यांनी जागा धरून ठिवली म्हनायची," ती म्हणाली.

महांतेशनं दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर विकून टाकला. आता वर्ष होत आलं. आई अजून धडधाकट आहे.

पण दर सोमवारी दिवेलागणीला ती त्या रिकाम्या टेबलासमोर जाऊन बसते. महांतेश दाराआड उभा राहून ऐकतो...

"जरा थांबा," ती हळूच म्हणते, "लेकराचं मन अजून तयार न्हाई."