एकतीस किलोंची तूट

खामगावच्या त्या जिनिंग-प्रेसमध्ये काट्यावरच्या शेषराव कारकुनांचा असा लौकिक होता, की वाऱ्यानं उडालेला सरकीचा दाणाही ते शोधून परत ढिगात टाकतील. हमाल हे पाठीमागे बोलत. समोर 'बाबूजी' म्हणत आणि रस्ता सोडत. शेषरावांना दोन्ही माहीत होतं आणि दोन्हींचा थोडा अभिमानही होता.

साल चौसष्ट. जलंबवरून रेल्वेच्या वाघिणींनी आलेला दगडी कोळसा बॉयलरमागच्या अंगणात पडायचा. पाच बायका तो घमेल्यांनी वाहायच्या, आणि पुंजाजी फावड्यानं भट्टीत झोकायचा. संध्याकाळी भोंगा झाला की प्रत्येकाला गुळाचा खडा मिळे. गुळानं छातीत बसलेला कोळसा खाली उतरतो, असा तिथला पक्का समज. खडे शेषराव स्वतःच्या हातानं वाटत. बरोबर सहा.

त्यांची खोली त्या अंगणाला लागूनच होती. सत्यभामाबाई दिवसातून चारदा खिडकीची चौकट पुसत आणि पाचव्यांदा बोट फिरवलं तर बोट काळंच. दसऱ्यानंतर त्यांना खोकला धरला. आधी कोरडा. मग सकाळी मोरीत त्या जे थुंकत ते पाणी ओतून घालवायला लागल्या, शेषरावांना दिसू नये म्हणून. शेषरावांना दिसलं होतं.

कार्तिकात त्यांचे मेव्हणे अर्जुनराव मेहकरहून आले. बहिणीच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या त्यांनी बघितल्या.

"भाऊजी, बाईले दोन महिने घेऊन जातो. तिथं हवा चांगली हाय."

"थंडीचा खोकला आहे. डॉक्टरांनी बाटली दिली आहे."

"त्या बाटलीनं पुंजाजीले किती गुण आला?"

"एवढी तूट सापडू द्या," शेषराव म्हणाले. "मग मीच आणून सोडतो."

तूट म्हणजे कोळशाची. आलेला कोळसा काट्यावरून उतरायचा, भट्टीत जाणारा काट्यावरून चढायचा, उरलेला ढीग महिनाअखेर मोजला जायचा. ओल वजा केली, चुरा धरला, वारा धरला, तरी दसऱ्यापासून एकतीस किलो कुठं गेले ते कळेना. शेठ हसले. एवढं तर कावळे नेतात, म्हणाले. पण शेषरावांना जेवण गोड लागेना. बायको बाजूला खोकत असायची आणि हे गृहस्थ छताकडं बघत एकतीसचे भाग पाडत असायचे.

कोळसा बायकांच्या ओटीतून बाहेर जातो, अशी त्यांची खात्री झाली.

त्या प्रेसमध्ये दसऱ्याला काट्याची पूजा होई. रुईच्या गाठी मोजायचा मोठा काटा झेंडूनं सजवायचा, पहिलं वजन घरच्या लक्ष्मीचं म्हणून बाबूजींची बायको त्यावर उभी राहायची आणि मग हसत-खिदळत सगळी माणसं. फक्त वजन वाचणारा चढत नसे. दांडी वाचणाऱ्यानं काट्यावर पाय ठेवला तर काटा खोटं बोलतो, अशी तिथली जुनी समजूत. तेव्हा दसऱ्याची सगळ्यांची वजनं शेषरावांच्या वहीत होती, एक त्यांचं सोडून.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी त्यांनी गूळ वाटण्याआधी सहाही जणांना काट्यासमोर उभं केलं.

"काऊन, बाबूजी?" पुंजाजीची बायको रुखमाबाई म्हणाली. तीही त्या पाचांतलीच. "आमची गाठ बांधून मुंबईले धाडता काय?"

बायका हसल्या. हसता हसता खोकल्या. खोकला एकीकडून दुसरीकडं गेला.

शेषरावांचा हिशेब सरळ होता. दोन महिन्यांत ही माणसं वाळली होती. प्रत्येकाचं वजन दसऱ्यापेक्षा कमी भरायला हवं. ज्याचं जास्त भरेल, त्याच्या अंगावर कोळसा.

रुखमाबाई चढली. दसऱ्यापेक्षा चार किलो जास्त.

"पदर झाड."

तिनं पदर झाडला. ओटी सोडली. तिच्यातून कालचा अर्धा चघळलेला गुळाचा खडा पडला. बस. ती खाली वाकून तो उचलू लागली, पण मध्येच थांबली. शेषरावांकडं बघत राहिली. त्यांनी नजर वहीत घातली.

दुसरी, पाच जास्त. तिसरी, चार. चौथी, चार. पाचवी, तीन. ओट्या रिकाम्या, केस सोडून दाखवले, हात पसरले. काटा रुईच्या गाठीवर तपासला. काटा चोख होता.

शेवटी पुंजाजी. त्याला काट्याची एक पायरी चढायला दोनदा थांबावं लागलं. अंगावर फक्त धोतर, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. श्वास आत जाताना चाळणीतून चुरा गाळल्यासारखा आवाज यायचा. दांडी हलली.

आठ किलो जास्त.

"बाबूजी," तो दम खात म्हणाला, "आता धोतर बी सोडू काय?"

कुणी हसलं नाही.

शेषरावांनी बेरीज केली. अठ्ठावीस. एकतीसमधून अठ्ठावीस गेले, राहिले तीन. त्यांनी बेरीज पुन्हा केली. मग सहा खडे वाटले आणि खोलीत येऊन हात साबणानं धुतले, जरा जास्तच वेळ.

आठ दिवसांनी पुंजाजी गेला.

लाकडं प्रेसकडून द्यायची असत. ती काढून देताना शेषरावांनी मनात धरलं, माणूस काडीसारखा, एवढी लागणार नाहीत. दोन मण कमी दिली. तिरडीला चार जण लागले. वेशीपर्यंतही गेले नाहीत, तोच त्यांचे गुडघे वाकले. मग आठ झाले. आठांतले दोघे हमाल रोज दीडशे किलोची गाठ ढकलणारे. त्यांनीही मध्ये दोनदा तिरडी टेकवली. एकमेकांकडं बघितलं नाही.

लाकडं तासाभरात संपली. चिता विझली नाही.

निळसर धूर तीन दिवस गावावर लोंबत होता. शेषरावांना तो वास ओळखीचा होता. लाकडाचा नव्हता. मांसाचाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेले तेव्हा वर राख होती. काठीनं हलवली तर खाली सगळं लाल. पाणी ओतलं, ते चर्रर् करून वाफ झालं. आणखी ओतलं. शेवटी अस्थी म्हणून जे मडक्यात भरलं त्याकडं रुखमाबाईनं एकदाच पाहिलं आणि मडक्याचं तोंड फडक्यानं बांधून टाकलं. हातांना काळं लागलं होतं, ते तिनं लुगड्याला पुसलं.

परतताना ती शेषरावांच्या मागून चालत होती.

"शेवटी शेवटी त्याची कूस बदलवता येत नव्हती, बाबूजी," ती म्हणाली. "निस्ता सांगाडा. मी अन् पोरगी, दोघी मिळून लोटो. तरी हालत नव्हता."

शेषराव पावलं मोजत चालत राहिले.

"तुमी त्याले मोजलं होतं. मोजून काय केलं?"

घरी आले तेव्हा दुपार होती. सत्यभामाबाई खाटेवर कुशीला निजल्या होत्या. अंगावरचं पातळ सैल, गालाचं हाड वर आलेलं. याच खाटेवर ते दोघं वीस वर्षं निजले होते.

खाटेची नवार मधोमध जमिनीला टेकली होती.

ते दारातच उभे राहिले. तीन, त्यांच्या मनात आलं. राहिलेले तीन.

रात्रभर त्यांनी तिच्या श्वासाचा आवाज ऐकला. चाळणी आणि चुरा.

सकाळी भोंग्याच्या आधी ते तिला हाताला धरून काट्यापाशी घेऊन गेले. अंगणात धुकं होतं, ढिगावर दव पडलेलं. तिनं कशाला असं विचारलं नाही. दसऱ्यासारखी आपणहून चढली, कपाळाला पदर नीट केला.

दसऱ्याला सत्तेचाळीस होती.

दांडी एकोणपन्नासावर थांबली.

"आठची मेहकरची एसटी आहे," शेषराव म्हणाले. "लुगडी भर. अर्जुनरावांकडं जाऊ. आजच."

"जाऊ," ती म्हणाली. "पण तिथं गेल्यावर हे काय इथं राहीन?" आणि छातीवर हात ठेवला, हलकेच, पोटुशी बाई पोटावर ठेवते तसा.

ती उतरली. उतरताना फळी वाजली.

शेषरावांच्या डोक्यात आकडे आपोआप खाली उतरत होते. तीनातून दोन गेले. राहिला एक. एक किलो, ज्याच्यापुढं नाव नव्हतं.

सत्यभामाबाईंनी काट्याची दांडी सारखी केली. वीस वर्षं बघून शिकलेल्या हातानं.

"आता तुमी चढा," ती म्हणाली.

"माझं दसऱ्याचं वजनच नाही," ते म्हणाले.

घसा खवखवला. खिशात पांढरा रुमाल होता, रोजच्यासारखा घडी घातलेला. शेषरावांनी तोंडाशी नुसता हात धरला. खोकले. मग मूठ मिटली आणि भोंगा होईपर्यंत उघडली नाही.