पेशीच्या आतली लढाई

प्रयोगशाळेचं दार ढकललं आणि ती थेट त्याच्या पाठीवर आदळली. हातातली पेशींची काचेची बशी पडता पडता वाचली.

"अहो, दहाची वेळ माझी आहे!"

"आणि हे यंत्र नीट होईपर्यंतची माझी," सूक्ष्मदर्शकावरून मान वळवत तो हसला. नाकावर ग्रीसचा ठिपका...

तो यंत्रं दुरुस्त करणारा, ती संशोधक. आठ महिने ती एकाच प्रश्नामागे हात धुऊन लागली होती. शुक्रवारपर्यंत काही दिसलं नाही, तर विषय बदल, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं.

"एवढं काय शोधता?"

"काही जिवाणू महाबिलंदर असतात. भक्षक पेशी त्यांना गिळते, तर ते तिच्याच पोटात बिऱ्हाड थाटतात. रक्तातल्या अँटिबॉडी तिथे पोचत नाहीत."

"म्हणजे चोर पोलीसचौकीतच मुक्कामाला!"

ती खुदकन हसली. "मग पेशीलाच लढावं लागतं. तिची प्रथिनं जिवाणूला घेरून त्याचं कवच फोडत असणार... पण ऐन वेळी चित्र धूसर होतं."

त्यानं यंत्रावर टिश्यूपेपरची पट्टी धरली. ती फडफडली! एसीचा गार झोत थेट भिंगावर येऊन फोकस हलवत होता. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्यानं झोतासमोर पुठ्ठा लावला. तरी बुधवारी आला, गुरुवारीही... "एक स्क्रू राहिलाय," म्हणत.

शुक्रवारी सकाळी दोघं पडद्यासमोर बसले होते. लाल ठिपका म्हणजे जिवाणू, हिरवं म्हणजे पेशीची प्रथिनं. चाळीस मिनिटं झाली, तरी चित्र स्वच्छ! ठिपक्याच्या कडेला हिरवी रेघ उमटली... वळली... कडं पूर्ण झालं. आणि बघता बघता लाल रंग विझत गेला.

"अरे, बघ ना! फोडलं त्याला!" तिनं त्याचा हात गच्च धरला. मग जीभ चावली. "म्हणजे... बघा ना."

"'अरे'च राहू दे," तो हळूच म्हणाला. "खरं सांगू? यंत्र मंगळवारीच नीट झालं होतं."

"ठाऊक आहे. एकच स्क्रू दोन दिवस कोण पिळतं?"

हात मात्र तिनं सोडला नाही. दुसऱ्या हातानं घरी फोन लावला.

"आई, सापडलं गं!"

"कोण, मुलगा?" आईचा आवाज खोलीभर घुमला.

तो मोकळ्या हातानं घाईघाईनं भिंग पुसू लागला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"हो..." ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तोही."